काचेचा सांधा आणि उजनीकाठची गावं

मंडळी, आज जरा कोरडा वाटेल असा विषय घेतोय. फायबर केबल तुटली की ती जोडतात कशी, आणि त्या जोडण्याकडे आपण सगळे किती दुर्लक्ष करतो. नातेवाईकांपैकी निम्मे इथेच पळून जातील याची कल्पना आहे :) पण थांबा. करमाळा, माढा, इंदापूर या भागात ज्यांचं घर किंवा आजोळ आहे त्यांच्या अगदी जवळचा हा मामला आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. गावोगावी इंटरनेट पोचवायच्या योजनांमध्ये किती किलोमीटर केबल टाकली याचा हिशोब फार होतो. त्या केबलमध्ये किती सांधे आहेत, ते कोणी मारले, कसे मारले, आज कुठल्या अवस्थेत आहेत याचा हिशोब गावाला कोणी देत नाही. आणि गावातलं नेट चालणार की बंद पडणार हे बहुतेक वेळा या सांध्यांवरच ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं की खोदाईच्या खर्चातला थोडा भाग सांधणाऱ्या माणसावर आणि त्याच्या अवजारांवर खर्च करा. बाकीचं आपोआप सुधारेल असं नाही, पण याच्याशिवाय काहीच सुधारणार नाही.

आता जरा मुळापासून.

फायबर म्हणजे काचेचा धागा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो असं धरा, तर हा धागा १२५ मायक्रॉनचा. त्यातला प्रकाश वाहून नेणारा गाभा मात्र फक्त ९ मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. वर प्लास्टिकचा लेप, तो धरून २५० मायक्रॉन. दोन धागे जोडायचे म्हणजे या ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर दुसरा ९ मायक्रॉनचा गाभा तंतोतंत आणायचा. तांब्याची तार असती तर पीळ मारून वर चिकटपट्टी लावली असती, आपल्या वायरमन लोकांची शंभर वर्षांची सवय ती. इथे पीळ चालत नाही. प्रकाश वळणावर बाहेर सांडतो.

जोडायचे मार्ग ढोबळमानाने तीन. पहिला कनेक्टर, म्हणजे दोन टोकांना टोपणं बसवून एकमेकांत खुपसायची. काढता-घालता येतं, पण प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश वाया जातो. दुसरा मेकॅनिकल जोड. एका बारीक खाचेत दोन्ही टोकं समोरासमोर आणायची, मध्ये प्रकाशाला फट जाणवू नये म्हणून जेल, आणि वरून चिमटा. पाच मिनिटांत काम होतं, महागडं मशीन लागत नाही. तिसरा फ्यूजन, म्हणजे खरंखुरं वेल्डिंग. दोन्ही टोकं एका छोट्या यंत्रात ठेवायची, दोन टंगस्टनच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडायची, दीड-दोन हजार अंशांच्या उष्णतेत काच मऊ होते, यंत्र दोन्ही टोकं हलकेच एकमेकांत ढकलतं आणि दोन धाग्यांचा एक धागा होतो. ठिणगीचं काम जेमतेम काही सेकंदांचं.

पण ठिणगीच्या आधीचं काम सेकंदांचं नाही. लेप सोलायचा, तोही काचेला ओरखडा न उठवता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मग कटरने, ज्याला हे लोक क्लिव्हर म्हणतात, टोक असं तोडायचं की ते सपाट आणि काटकोनात आलं पाहिजे. एक अंशापेक्षा जास्त तिरकं झालं की जोड बिघडला. धुळीचा कण बसला की बिघडला. जोड झाल्यावर त्यावर आधीच ओवून ठेवलेली नळी सरकवायची, तिच्यात पोलादाची बारीक काडी असते, आणि ती तापवून आवळून घ्यायची. मग ट्रेमध्ये मोठं वेटोळं करून मांडायचं. शेवटी ओटीडीआर नावाच्या यंत्राने एका टोकाकडून प्रकाश सोडून, परत येणाऱ्या अंधुक प्रकाशावरून कुठे किती गळती आहे ते बघायचं.

चांगला फ्यूजन जोड ०.०५ डेसिबल किंवा त्याहून कमी प्रकाश खातो. मेकॅनिकल जोड नीट केला तर ०.२, घाईत केला तर ०.५. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, म्हणून एक हिशोब मांडतो. शाळेतलं गणित आहे, घाबरू नका.

ग्रामपंचायतींपर्यंत जाणाऱ्या जाळ्यात बऱ्याच ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत आहे. तिच्या नेहमीच्या उपकरणांना एकूण २८ डेसिबलची गळती सोसते. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सहाशेव्वा हिस्सा पोचला तरी ती चालतात, तशी फार सोशिक. आता तालुक्यापासून गाव २० किलोमीटरवर आहे असं धरा. काच स्वतःच किलोमीटरला ०.३५ खाते, झाले ७. वाटेत प्रकाशाचे चार भाग करणारा स्प्लिटर, त्याचे साधारण ७. केबलचे ड्रम दोन-दोन किलोमीटरचे धरले तर टोकांसकट ११ जोड, मिळून अर्धा. चार कनेक्टर, मिळून २. एकूण साडेसोळा. म्हणजे साडेअकरा डेसिबल शिल्लक. भरपूर!

आता केबल तुटायला सुरुवात होते. एकदा जेसीबीने तोडली की केबल नुसती तुटत नाही, ती ओढली जाते, म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो आणि एका दुरुस्तीत दोन जोड येतात. आठ-दहा वर्षांत १२ वेळा तुटली असं धरा. जोड २४. ते सगळे फ्यूजनचे असतील तर वाढलेली गळती १.२ डेसिबल, गावाला पत्ताही लागत नाही. तेच २४ जोड घाईचे मेकॅनिकल असतील तर १२ डेसिबल. साडेसोळा आणि बारा, साडेअठ्ठावीस. नेट गेलं. केबल तुटलेली नाही, वीज आहे, उपकरण चालू आहे, आणि तरी नेट नाही. मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

म्हणजे मेकॅनिकल जोड वाईट असं मला म्हणायचं नाही. रात्री दवाखान्याची लाईन तुटली तर तासाभरात ती चालू करायला त्यासारखं काही नाही. पण तो मलमपट्टीचा जोड आहे. मलमपट्टी दहा वर्षं ठेवून कसं चालेल?

हे तुटणं आपल्या भागात इतकं का होतं, हेही पाहिलं पाहिजे. उजनीचं पाणी, म्हणजे यशवंतसागर, करमाळा, माढा, इंदापूर असं मैलोन्मैल पसरलंय. काठावर ऊस आणि केळी. कंदरची केळी परदेशात जातात हे आता कोणाला सांगायला नको. ही सगळी शेती उभी आहे पाइपलाइनवर. पाण्यापासून शेतापर्यंत दोन-दोन, चार-चार किलोमीटर पाइप, रस्त्याच्या कडेने, रस्त्याखालून. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पाणी आत सरकलं की शेतकरी मोटारी आत सरकवतो, पाइप वाढवतो, चर खणतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरलं. मोटारी परत वर. दरवेळी जेसीबी आला आणि दरवेळी रस्त्याकडेच्या केबलवर दात पडण्याची शक्यता आली. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. उभी केळी वाळत असताना जमिनीत एक मीटरवर कोणाची केबल आहे हे कोण विचारत बसणार? त्यातून खुणेचे दगड दोन पावसाळ्यांत गायब झालेले. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं, खोदण्याआधी कळवा म्हणून. चांगली कल्पना आहे. पण आमच्याकडचा जेसीबीवाला आधी डिझेलचे पैसे विचारतो, मग बांध कुठला ते विचारतो. ॲपपर्यंत गाडी जात नाही.

गंमत अशी की याच पाइपलाइनमुळे आपल्या गावांत वितळवून जोडण्याची कला आधीपासून आहे. काळे एचडीपीई पाइप जोडताना काय करतात ते आठवा. दोन्ही तोंडं रंध्यासारख्या पात्याने सपाट करायची, गरम तव्यावर टेकवायची, कड वितळली की तवा काढून एकमेकांवर दाबून धरायची आणि गार होईपर्यंत हलवायची नाहीत. अगदी तेच! सपाट करणं, स्वच्छ करणं, समोरासमोर आणणं, वितळवणं, बेताने दाबणं, थांबणं. मापं तेवढी वेगळी. आणि फायबर ज्या नळीतून जातं ती नळीसुद्धा एचडीपीईचीच. जो पोरगा पाइपच्या जोडाला 'आतून कड फार आली, पाणी अडेल' असं नुसतं बघून सांगू शकतो, त्याला काचेचा जोड शिकवायला किती दिवस लागतील?

कारखान्यातली कहाणी तर याहून नाजूक आहे. लेझर डायोडच्या छोट्या धातूच्या डबीत फायबर बसवताना काच वितळवत नाहीत. फायबर एका धातूच्या नळीत घालून ती नळी डबीतल्या आधाराला लेझरने ठिपक्याठिपक्यांनी जोडतात. पण धातू गार होताना आकसतो आणि नळी मायक्रॉनभर सरकते, तेवढ्यानेही प्रकाश कमी होतो. म्हणून समोरासमोर एकाच वेळी ठिपके मारायचे, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी राहील, आणि तरी सरकली तर आणखी एखादा ठिपका मारून मूळ जागी ओढून आणायची. आपले जुने फॅब्रिकेशनवाले गेटची चौकट वाकू नये म्हणून आळीपाळीने टाके मारतात, तोच हिशोब.

आणि हे सगळं आपल्यापासून लांब कुठे घडतं असंही नाही. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द १९६० साली रूढ केला तो मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी. दूरसंचार खात्याच्या इतिहासात देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा नोंदलेली आहे ती पुण्यात, १९७९ साली, स्थानिक एक्स्चेंजमधल्या जोडणीसाठी. उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली. म्हणजे पुण्यात काचेतून फोन बोलू लागला तेव्हाच आपल्याकडची गावं नदीकाठ सोडून वर माळावर येऊन बसत होती. आज औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, काचेच्या कांडीपासून फायबर ओढण्यापर्यंतचं काम होतं. काच बनते मराठवाड्यात, जुनं पहिलं काम पुण्यात, आणि मधल्या आपल्या गावांत सांधणारा माणूस बाहेरून यायची वाट बघावी लागते.

माझा एक भाचा या कामात आहे. सात-आठ वर्षं एका कंत्राटदाराकडे, आता सुटा करतो. त्याचं म्हणणं एका वाक्यात असं, "मामा, खड्डा समद्यांना दिसतो, जोड कुणाला दिसत न्हाई." खोदाईचं बिल मीटरवर निघतं, फोटो निघतात, नारळ फुटतो. जोडणाऱ्याला पैसे जोडामागे. २४ धाग्यांची केबल, मध्ये तुकडा घातला की दोन्ही टोकांना मिळून ४८ जोड. एकाला सगळं धरून चार मिनिटं लावली तरी तीन तासांच्या वर काम. रस्त्याच्या कडेला, खड्ड्याशेजारी, छत्रीखाली, कारण वारा लागला की ठिणगी हलते आणि धूळ बसते. क्लिव्हरचं पातं बोथट झालं की बदलायला हवं, मशीनची टंगस्टनची टोकंही ठरावीक ठिणग्यांनंतर बदलायला हवीत. त्याच्या त्या कंत्राटदाराचं उत्तर ठरलेलं असायचं, "चालतंय ना अजून?" चालतं हो. ०.०५ च्या जागी ०.२ ने चालतं. कोण मोजतंय?

सोललेल्या काचेचे तुकडे हा आणखी एक प्रकार. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटात मोडतात. नियमाप्रमाणे ते चिकटपट्टीवर किंवा बंद डबीत गोळा करायचे, त्या जागी खायचं-प्यायचं नाही. हे सांगणारा कोणी असतो का? भाच्याला त्याच्याबरोबरच्या एका जुन्या माणसाने सांगितलं. प्रशिक्षणात नाही. खरं तर 'ऑप्टिकल फायबर स्प्लायसर' असा रीतसर अभ्यासक्रम दूरसंचार क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने केलेला आहे, म्हणजे सरकारदरबारी हा धंदा आहे. पण कामावर ठेवताना प्रमाणपत्र विचारलं जातं का, आणि असेल तर चार पैसे जास्त मिळतात का? भाच्याला तरी आजवर कोणी विचारलेलं नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, "अरे, मोबाईलवर सगळं चालतं, फायबर हवंय कशाला?" मोबाईलचा टॉवर हवेतून नेट आणत नाही. कुठेतरी तो फायबरलाच टेकलेला असतो, आणि ते फायबर कमजोर असलं की मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण आणि नेट गोल गोल. शिवाय ग्रामपंचायतीचे दाखले, बँकेचं काम, शाळेतला वर्ग, आरोग्य उपकेंद्र, यांना एका माणसाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किती दिवस चालवायचं? ग्रामसेवक रजेवर गेला की कार्यालयाचं नेटही रजेवर!

आपल्या काठच्या गावांना अंतर म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर धरणाला वळसा. म्हणून लोक बोटीने जातात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते कशासाठी निघाले होते, कोणाचं काय काम होतं, त्यात शिरत नाही. फायबर असतं तर ते वाचले असते असला खोटा दावाही करणार नाही. पुलाचं काम पुलानेच होतं. एवढंच म्हणतो की ज्या गावांना एका कागदासाठी तालुक्याला जाणं म्हणजे अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीतलं चालू नेट ही चैन नाही.

दुसरा आक्षेप, "मशीन महाग असतं." असतं. साधं चिनी मशीन लाखाच्या आतबाहेर, नावाजलेलं जपानी त्याच्या कितीतरी पट. एका ग्रामपंचायतीला परवडणार नाही, मान्य. पण दहा-पंधरा गावांत मिळून एक? ट्रॅक्टर, मळणी यंत्र, आता फवारणीचे ड्रोन, हे सगळं आपण गटाने घेतोच की. त्याच गटात एक स्प्लायसिंग मशीन, एक चांगला क्लिव्हर, आणि शिकलेली दोन पोरं किंवा पोरी. पोरी मुद्दाम म्हटलं. सोलापूरच्या मागावर तुटलेला धागा नजरेने हेरून क्षणात सांधणाऱ्या बायका या जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या पाहिल्यात. या कामाला ताकद लागत नाही, हाताची शांतता लागते.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. योजनेत देखभाल धरलेलीच आहे, मग गावाने का करावं? राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली २०११ मध्ये, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं, दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात राज्याने महानेट म्हणून काम हाती घेतलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले. त्यात केबल एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालावी म्हणून वलयाची रचना आहे, बांधणाऱ्यावरच पुढच्या देखभालीची जबाबदारी आहे, गावातल्या उद्योजकांनाही जागा आहे. कागद चांगला आहे, खरंच चांगला आहे. पण वलय दोन्हीकडून कच्च्या सांध्यांचं असेल तर ते वलय काय कामाचं? आणि शेकडो गावं सांभाळणाऱ्या कंपनीला आपल्या गावाची पाळी कधी येणार? म्हणून मी कंपनीला सोडा असं म्हणत नाही. कंपनीने पैसे द्यावेत, पण सांधणारा हात जवळचा असावा, आणि त्याने काय केलं ते गावाला दिसावं.

दिसावं म्हणजे काय? साधी गोष्ट. ग्रामपंचायतीत एक जोडवही. कुठल्या तारखेला, कुठल्या ओढ्याजवळ किंवा कोणाच्या बांधाजवळ केबल तुटली, किती जोड मारले, फ्यूजन की मेकॅनिकल, ओटीडीआरने किती गळती दाखवली, आणि तात्पुरता जोड असेल तर तो पक्का कधी होणार. एक ओळ, चार रकाने. सहा महिन्यांतून एकदा ग्रामसभेत वाचावी. पाण्याच्या टाकीची नाही का आपण विचारपूस करत? वाचून कोणाला डेसिबल कळेल असं नाही. पण लिहावं लागतं म्हटलं की माणूस क्लिव्हरचं पातं बदलतो.

असो. फार लांबलं. गावाकडे राहणाऱ्या सगळ्या मामा-मावश्यांना आणि चुलतभावंडांना एक विनंती. पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत गेलात की कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या डबीकडे बघा. हिरवा दिवा असेल तर उत्तम. 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर समजा की प्रकाश पोचत नाहीये, आणि विचारा की शेवटचा जोड कोणी मारला होता. डबीच सापडली नाही तर तेही कळवा, ती कुठल्या कपाटात ठेवलीय ते शोधू. बाकी ब्लॉगवाल्या मित्रांच्या भागात, कोकणात किंवा विदर्भात, काय परिस्थिती आहे? तिथे सांधणारा गावातला असतो की बाहेरून येतो? लिहा जरूर, वाट बघतोय.